ऑस्करसाठी टाकी लावताना

दुकानात ऑस्कर माशाचं पिल्लू बोटभर असतं, म्हणून दोन फुटी टाकी पुरेल असं वाटतं. वर्षभरात तोच मासा आठ-दहा इंचांचा होतो, पुढे फूटभर. टाकी त्या फूटभर माशाच्या मापाने घ्या: एकाला 4 × 1.5 × 1.5 फूट (सुमारे 250 लिटर), दोघांना 4 × 2 × 2 फूट (सुमारे 450 लिटर). उंचीपेक्षा रुंदी बघा, माशाला वळता आलं पाहिजे.

मोठ्या टाकीला 12 मिमी काच लावा. पाणी, काच, वाळू धरून वजन अर्ध्या टनाच्या वर जातं. लोखंडी स्टँड खोलीच्या मधोमध न ठेवता बीमच्या बाजूला, भिंतीलगत ठेवा, लेव्हल तपासा आणि टाकीखाली थर्माकोलची शीट घाला. दगड आधी थेट तळावर बसवा, मग इंचभर वाळू. ऑस्कर वाळू उकरतो. वाळूवर ठेवलेला दगड कलंडून काच फुटते. झाडं तो उपटतोच, त्यांच्यावर खर्च नको. 300 वॅटचा हिटर जाळीच्या गार्डमध्ये ठेवा, पाणी 26 ते 28 अंश.

खरा पैसा फिल्टरवर घाला. हा खादाड मासा घाणही तशीच करतो, नुसत्या स्पंज फिल्टरने भागत नाही. 450 लिटरला सम्प (टाकीखाली ठेवलेली फिल्टरची वेगळी टाकी) किंवा कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर), पंप ताशी 2,500 ते 3,000 लिटरचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकी भरा, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अँटिक्लोरने मारा, फिल्टर चालू करा आणि मासे आणू नका. रोज माशांच्या खाद्याचे चिमूटभर दाणे टाकून कुजू द्या. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट. म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजताहेत. दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने बघा. दाणे टाकणं चालू असतानाही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले की मासा आणा. याला चार ते सहा आठवडे लागतात. निरोगी टाकीतल्या चालू फिल्टरचा स्पंज मिळाला तर बरेच लवकर होतं.

बहुतेक मासे इथेच मरतात. पाणी काचेसारखं दिसतं म्हणून तिसऱ्या दिवशी मासा सोडतात. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही; मासा वर येऊन तोंड उघडू लागतो, कल्ले लाल होतात. बोअरच्या पाण्याचा पीएच 8 च्या आसपास असेल तर तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. पुढे फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला तरी हीच गत होते, कारण क्लोरीनने जिवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळा.

लाईट बराच वेळ गेली तर बंद कॅनिस्टरमध्ये प्राणवायू संपून पाणी सडतं. आतलं पाणी ओतून टाकल्याशिवाय तो पुन्हा चालू करू नका. एक एअर पंप इन्व्हर्टरवर ठेवा.

पिल्लांना दिवसातून दोनदा, मोठ्यांना एकदाच दाणे, दोन मिनिटांत संपतील इतकेच. जिवंत गोल्डफिश खाऊ घालू नका: रोग येतात आणि गोल्डफिशमधलं थायमिनेज हे द्रव्य जीवनसत्त्व बी-1 नष्ट करतं.

दर आठवड्याला 30 ते 40 टक्के पाणी बदला. डोक्यावर खड्डे पडू लागले तर औषध शोधण्याआधी नायट्रेट मोजा; 40 पीपीएमच्या (लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या) वर असेल तर पाणी कमी बदललं जातंय. आणि टाकीवर वजनदार झाकण हवंच. दचकलेला ऑस्कर हलकं झाकण उडवून बाहेर पडतो.