कॅटॅलिस्टवर कोक चढतोय? घाईत या चुका टाळा

सोलापुरात केमिकल इंजिनिअरिंगची मुलं रिफायनरीच्या मुलाखतीआधी माझ्याकडे येतात. बहुतेकांनी ट्रेनिंग साखर कारखान्यात केलेलं, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला: "सर, कोक म्हणजे इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवरचं स्केलच ना?"

नाही. स्केल म्हणजे रस आटवताना नळीच्या पृष्ठभागावर बसणारा क्षारांचा थर, तो कॉस्टिकने उकळून, घासून निघतो. कोक म्हणजे तेलातून बनणारा कार्बनचा थर. तो बसतो कॅटॅलिस्टच्या, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थाच्या, गोळीच्या आत, काही नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रांत. गोळीचा आधार असलेल्या ॲल्युमिनाच्या एका ग्रॅमला दोनशे चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. छिद्राचं तोंड बुजलं की आतली जागा शाबूत असूनही तेल तिथे पोचत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सक्रियता घटली की लगेच तापमान चढवणं. जड तेलाच्या हायड्रोट्रीटरमध्ये (हायड्रोजनने तेलातलं गंधक वगैरे काढणारं युनिट) नवा कॅटॅलिस्ट भरल्यावर पहिल्या काही दिवसांत कोक भराभर चढतो आणि मग वेग मंदावतो. हा सुरुवातीचा उतार अपेक्षित असतो. तेव्हा घाबरून तापमान वाढवलं, तर कोक आणखी वाढतो आणि, तापमानाला वरची मर्यादा असल्याने, पुढे वापरायचे अंश आजच संपतात. मी स्वतः एका रात्रपाळीत असे चार अंश चढवले होते. सकाळी कळलं, रिॲक्टरमध्ये पुन्हा फिरवल्या जाणाऱ्या रिसायकल गॅसमधल्या हायड्रोजनची शुद्धता घसरली होती. म्हणून आधी हायड्रोजनचा आंशिक दाब आणि प्रवाह बघा, मग फीड, म्हणजे आत येणारं तेल: क्रूड बदललंय का, कोक बनवणारे जड घटक, म्हणजे अस्फाल्टीन आणि कार्बन रेसिड्यू, वाढलेत का? तापमानाला हात त्यानंतर.

सगळं खापर कोकवर फोडू नका. जड तेलात निकेल आणि व्हॅनेडियम असतात. कोक जाळता येतो, धातू मागेच राहतात. जाळूनही सक्रियता परतली नाही, तर नमुना धातूंच्या तपासणीला पाठवा.

जाळणंही सबुरीचं काम आहे. ऑक्सिजन एकदम सोडला तर बेडमध्ये एखादी जागा भयंकर तापते, ॲल्युमिनाची छिद्रं कोसळतात आणि ते नुकसान कायमचं असतं. वापरलेला सल्फाइड कॅटॅलिस्ट (ज्यातले धातू गंधकाशी जोडलेले असतात) उघड्या हवेत तर आपोआप तापून पेटू शकतो. तो नायट्रोजनखालीच हाताळा, इथे सवलत नाही.

एफसीसीत, म्हणजे जड तेल तोडून पेट्रोलसारखी हलकी तेलं बनवणाऱ्या युनिटमध्ये, मात्र कोक नुसता शत्रू नाही. रायझरमध्ये, म्हणजे जिथे तेल तुटतं त्या उभ्या नळीत, तेल कॅटॅलिस्टजवळ काही सेकंदच असतं. तिथे लागणारी उष्णता रिजनरेटरमध्ये, सुमारे ७०० अंश सेल्सिअसला, तोच कोक जळून मिळते. रिजनरेटरचं तापमान अचानक चढलं की लोक कोक वाढला म्हणून फीडला दोष देतात. त्याआधी स्ट्रिपरची, म्हणजे कॅटॅलिस्टवरचं तेल काढून घेणारी, वाफ तपासा. ती कमी पडली तर कॅटॅलिस्टला चिकटलेलं चांगलं तेलच रिजनरेटरमध्ये जाऊन जळत असतं.