राखाडी पतंगाला नाव देण्याआधी

ब्रिटनमध्ये ओक-बर्चच्या रानाजवळ राहत असाल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात खिडकीच्या उजेडावर नागमोडी रेघांचा एक राखाडी पतंग हमखास येतो. फोटो काढून लगेच ‘नोव्हेंबर मॉथ’ लिहावंसं वाटतं. जरा थांबा. पेल नोव्हेंबर मॉथ आणि ऑटम्नल मॉथ हे त्याचे एपिरिटा गटातले भाऊबंद हुबेहूब तसेच दिसतात. पुढच्या पंखावरचा काळा ठिपका बाजूच्या रेघेला टेकलाय की सुटा आहे, हे जाणकार बघतात, पण त्यावरून अंदाजच बांधता येतो. पंख झिजलेले असले किंवा पतंग काळपट असला तर तोही नाही. खात्रीसाठी जननेंद्रियं तपासावी लागतात. म्हणून नोंदीत सरळ ‘एपिरिटा समूह’ लिहा. अशी नोंद अजिबात दुय्यम नाही. चुकीच्या नावापेक्षा ती कितीतरी मोलाची.

विंटर मॉथ हा याच दिवसांतला दुसरा पतंग, पण तो वेगळा काढता येतो. तो लहान आणि तपकिरी असतो, रेघाही पुसट. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन झाडांचे बुंधे जरूर बघा: फुगीर पोटाची, पंखांच्या जागी नुसते खुंट असलेली त्याची मादी चालत वर चढताना दिसेल. नोव्हेंबर मॉथच्या मादीला मात्र पूर्ण पंख असतात.

नोंदीत काय, कुठे, कधी आणि कोणी पाहिलं, एवढं हवंच. जागेसाठी ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकटीचा अक्षर-आकडी क्रमांक, द्या. पतंग यावेत म्हणून रात्रभर दिवा लावला असेल तर आदल्या संध्याकाळची तारीख घाला. मग ‘आयरेकॉर्ड’ या वन्यजीव-नोंदींच्या वेबसाइटवर किंवा आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मॉथ रेकॉर्डरकडे, म्हणजे पतंगांच्या नोंदी तपासणाऱ्या जाणकाराकडे, फोटोसह पाठवा.