नॅसवरील संगीतसंग्रह प्लेअरला कसा जोडावा

गाण्यांचा संग्रह नॅसवर, म्हणजे राउटरला जोडलेल्या सामायिक साठवणयंत्रावर ठेवला की लॅपटॉप, फोन, टीव्ही आणि हायफाय संच या सगळ्यांना तो एकाच जागेवरून वाजवता येतो. जोडणीचे काम मोठे नाही. परंतु ते घाईने उरकले तर काही आठवड्यांनी प्लेअरला निम्मी गाणी सापडेनाशी होतात, प्लेलिस्ट रिकाम्या दिसू लागतात आणि दोष नेमका कुठे आहे ते कळत नाही. या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच कारण असते. प्लेअरने प्रत्येक गाण्याचा जो पत्ता, म्हणजे त्याची फाइल कुठे आहे ती जागा, आपल्या यादीत नोंदवून ठेवलेला असतो, तो मागाहून बदललेला असतो. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न हाच विचारावा, की हा पत्ता पुढच्या वर्षीही असाच राहील का.

प्रथम, यादी ठेवण्याचे काम कोणी करायचे ते ठरवावे लागते. पहिल्या पद्धतीत नॅस फक्त फाइली पुरवतो. फूबार२०००, स्ट्रॉबेरी, कोडी किंवा एमपीडी यांसारखा प्लेअर त्यावरील फोल्डर स्वतः उघडतो, टॅग (फाइलीतच नोंदवलेली शीर्षक, गायक, अल्बम ही माहिती) वाचतो आणि यादी स्वतःकडे ठेवतो. दुसऱ्या पद्धतीत नॅसवरच, किंवा सतत चालू असणाऱ्या एखाद्या संगणकावर, नॅव्हिड्रोम, जेलीफिन किंवा लिरियन म्युझिक सर्व्हर यांसारखा सर्व्हर चालवायचा असतो. यादी तो सांभाळतो आणि फोनवरील ॲप त्याच्याकडे हवे ते गाणे मागते. एकाच संगणकावर किंवा एकाच संचावर ऐकणाऱ्याला पहिली पद्धत पुरते. घरात फोन अनेक असतील, प्रत्येकाच्या प्लेलिस्ट वेगळ्या असतील किंवा घराबाहेरूनही ऐकायचे असेल, तर दुसरी घ्यावी. बहुतेक नॅसमध्ये डीएलएनए ही, घरातल्या यंत्रांना नेटवर्कवरून गाणी आणि व्हिडिओ पुरवण्याची सोयही तयार मिळते आणि टीव्हीला ती विनासायास सापडते. मात्र तिच्यात शोध घेण्याची सोय तोकडी असते आणि सलग वाजणाऱ्या दोन गाण्यांमध्ये खंड पडणार नाही याची प्रत्येक यंत्रावर खात्री देता येत नाही. माझ्या मते ती टीव्हीपुरतीच ठेवावी.

नेटवर्कच्या वेगाची चिंता सहसा गरजेपेक्षा जास्त केली जाते. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण कोणतेही संक्षेपण न करता पाठवले तरी सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या स्वरूपात, त्याहून कमी. २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झचा स्टिरिओ ट्रॅक असंक्षेपित असला तरी १० मेगाबिटच्या आतच राहतो. वायफायवर गाणे अडखळते ते सहसा वेग कमी पडल्याने नव्हे, तर मधूनच संपर्क क्षणभर तुटल्याने. त्यामुळे निदान नॅस तरी केबलनेच राउटरला जोडावा आणि प्लेअरमध्ये बफर (गाण्याचा आगाऊ भरून ठेवलेला भाग) वाढवण्याची सोय असल्यास ती वापरावी.

नॅसवरील तयारी

राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नॅससाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. हे केले नाही तर राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर नॅसला दुसराच आकडा मिळू शकतो आणि प्लेअर जुन्याच आकड्यावर शोधत बसतो. नावाने जोडणे सोयीचे वाटते. परंतु प्रत्येक यंत्राला ते नाव ओळखता येतेच असे नाही, म्हणून प्लेअरमध्ये आकडाच भरावा.

यानंतर संगीतासाठी स्वतंत्र शेअर, म्हणजे नेटवर्कवरून उघडता येणारा फोल्डर, तयार करावा. सगळा नॅस किंवा आपला घरगुती फोल्डर प्लेअरसमोर उघडा करण्याचे काहीच कारण नाही. शेअरचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवावे. मग प्लेअरसाठी एक वेगळा युजर तयार करून त्याला या शेअरवर केवळ वाचण्याची परवानगी द्यावी. ही पायरी टाळू नये असे मी आग्रहाने सांगेन. काही प्लेअर गाण्याला दिलेले तारे किंवा दुरुस्त केलेले टॅग थेट फाइलीत लिहितात, काहींमध्ये यादीतून काढणे आणि डिस्कवरून पुसणे हे दोन पर्याय शेजारीशेजारी असतात, आणि संगणकात शिरलेला खंडणीखोर व्हायरस, ज्या शेअरवर लिहिता येते तो प्रत्येक शेअर बिघडवू शकतो. टॅग दुरुस्त करण्यासाठी आणि नवी गाणी भरण्यासाठी लिहिण्याची परवानगी असलेले दुसरे खाते आपल्याजवळ ठेवावे. विंडोजवर एक अडचण येते: एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या युजरनावांनी जोडू दिले जात नाही. अशा वेळी एका खात्याने आयपी आकडा वापरून आणि दुसऱ्याने नॅसचे नाव वापरून जोडले की विंडोज त्यांना दोन निराळे सर्व्हर समजते.

फाइली पुरवण्यासाठी एसएमबी आणि एनएफएस हे दोन मार्ग प्रचलित आहेत. विंडोज, मॅक, अँड्रॉइड आणि लिनक्स या सगळ्यांना चालणारा म्हणून एसएमबी निवडावा, आणि त्याची पहिली आवृत्ती नॅसवर बंद ठेवावी. ती असुरक्षित आहे आणि २०१७ पासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेतही ती आपोआप येत नाही. फक्त हीच आवृत्ती समजणारा जुना नेटवर्क प्लेअर घरात असेल, तर त्याच्यासाठी सगळ्या नॅसची सुरक्षा सैल करण्याऐवजी त्याला डीएलएनएवरून गाणी द्यावीत. सगळी यंत्रे लिनक्सची असतील तर एनएफएसही उत्तम चालतो. मात्र त्याच्या नेहमीच्या मांडणीत पासवर्डऐवजी युजरचा क्रमांक पाहिला जातो, म्हणून दोन्ही बाजूंचे क्रमांक जुळतात याची खात्री करावी लागते.

संगणकावरील जोडणी

विंडोजवर शेअरला ड्राइव्हचे अक्षर देण्याची सवय अनेकांना असते. ते अक्षर लॉगिन केलेल्या युजरपुरतेच असते, आणि पार्श्वभूमीत सेवा म्हणून चालणाऱ्या सर्व्हरला ते दिसतच नाही. म्हणून प्लेअरमध्ये दोन उलट्या तिरक्या रेषांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ताच द्यावा: आधी नॅसचा आकडा, मग शेअरचे नाव.

मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ मेनूतून सर्व्हरला जोडले की शेअर ‘व्हॉल्यूम्स’ या फोल्डरखाली दिसतो. आधीची जोडणी नीट न सुटता त्याच नावाने पुन्हा जोडले गेले, तर नावापुढे उणे एक असा शेपूट लागतो आणि प्लेअरच्या दृष्टीने संपूर्ण संग्रहाचा पत्ता बदलतो. गाणी एकाएकी हरवली तर मॅकवर पहिल्यांदा हेच तपासावे.

लिनक्सवर शेअर एका ठरावीक फोल्डरवर माउंट करून, म्हणजे त्या फोल्डरमधून तो उघडेल असा जोडून, तो एफएसटॅब या फाइलीत नोंदवावा. त्या नोंदीत केवळ वाचन, यूटीएफ-८ अक्षरसंच, नेटवर्क सुरू होईपर्यंत थांबणे, नॅस बंद असला तरी संगणक सुरू होऊ देणे आणि पहिल्यांदा गरज पडेल तेव्हा आपोआप माउंट करणे हे पाच पर्याय असावेत. युजरनाव आणि पासवर्ड त्या नोंदीत न लिहिता, फक्त रूट युजरला (सर्व अधिकार असलेल्या खात्याला) वाचता येईल अशा वेगळ्या फाइलीत ठेवावेत.

माउंट न झालेला फोल्डर प्लेअरला रिकामा दिसतो, आणि याचा परिणाम सर्वांत त्रासदायक असतो. नॅस बंद असताना प्लेअरने स्कॅन केले, तर सगळी गाणी पुसली गेली असा अर्थ काढून तो यादीतल्या नोंदी काढून टाकू शकतो. त्याबरोबर ऐकण्याचा इतिहास, तारे आणि कधीकधी प्लेलिस्टही जातात. ‘न सापडलेल्या फाइली यादीतून काढा’ असा पर्याय प्लेअरमध्ये असेल तर तो आपोआप होऊ न देता हाताने करण्यावर ठेवावा. प्लेअरची डेटाबेस फाइल नॅसवर नव्हे, तर त्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर असावी, कारण नेटवर्कवरून अशी फाइल लॉक करणे भरवशाचे नसते आणि ती बिघडण्याचा धोका राहतो. तिचा बॅकअप मात्र अधूनमधून नॅसवर टाकावा.

नवी गाणी आपोआप दिसत नाहीत हीदेखील नेहमीची तक्रार आहे. लिनक्सवर प्लेअर फोल्डरमधील बदलांची सूचना ज्या यंत्रणेकडून घेतो, तिला दुसऱ्या यंत्राने नॅसवर केलेले बदल कळत नाहीत. म्हणून शेअर माउंट करून वापरताना स्वयंचलित अद्ययावत करण्यावर विसंबू नये. रोज रात्री एकदा स्कॅन ठरवून द्यावे आणि नवा अल्बम टाकल्यावर ते हाताने सुरू करावे. सर्व्हर नॅसवरच चालत असेल तर फाइली त्याच्या स्वतःच्या डिस्कवर असल्याने ही अडचण सहसा येत नाही.

सर्व्हर वापरत असाल तर

नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिन नॅसवर सहसा कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्या यंत्रणेपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालवले जातात. संगीताचा फोल्डर कंटेनरला फक्त वाचण्यासाठी द्यावा आणि सर्व्हरच्या डेटाचा फोल्डर वेगळा ठेवावा. या मांडणीचा मोठा लाभ असा, की कंटेनरच्या आतील पत्ता आपण ठरवू तोच राहतो. पुढे नवी डिस्क घातली किंवा नॅसच बदलला, तरी बाहेरील बाजू तेवढी नव्याने जोडायची आणि सर्व्हरची यादी तशीच चालू राहते. नॅव्हिड्रोम मुळात ४५३३ आणि जेलीफिन ८०९६ या पोर्टवर उघडतो. हे पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडे करू नयेत; बाहेरून ऐकण्यासाठी वायरगार्डसारखा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित मार्ग) वापरावा.

फाइलींची नावे आणि टॅग

मराठीत नावे दिलेल्या फाइलींच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि र व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर नावे दुसऱ्या रूपात साठवली जातात, तर विंडोज आणि लिनक्स आपण टाइप केले तसेच रूप जपतात. परिणामी डोळ्यांना सारखेच दिसणारे नाव प्लेलिस्टमध्ये एका रूपात आणि डिस्कवर दुसऱ्या रूपात राहते, आणि गाणे सापडत नाही. संग्रह मॅकवरून नॅसवर उतरवताना आरसिंक या फाइली नकलण्याच्या साधनातील अक्षरसंच बदलण्याच्या पर्यायाने हा भेद मिटवता येतो. फाइलींची नावे इंग्रजीत ठेवून मराठी शीर्षके टॅगमध्ये लिहिणे हा त्याहून सोपा उपाय आहे, कारण चांगला प्लेअर दाखवतो ते टॅगच.

टॅगपैकी ‘अल्बम आर्टिस्ट’ कटाक्षाने भरावा. तो रिकामा असेल तर अनेक गायकांचा एकच अल्बम प्लेअरमध्ये गायकागणिक तुकडे होऊन विखुरतो. प्लेलिस्ट संग्रहाच्या फोल्डरमध्येच ठेवाव्यात आणि त्यांतील पत्ते त्या फोल्डरच्या सापेक्ष असावेत, म्हणजे विंडोजवर केलेली प्लेलिस्ट, पत्त्यांत उलट्या तिरक्या रेषा नसतील तर, लिनक्सवरही चालू शकते.

सर्व जुळवल्यानंतर एक चाचणी आवर्जून घ्यावी. नॅस आणि प्लेअरचा संगणक दोन्ही बंद करून आधी संगणक, मग नॅस सुरू करावा. वीज जाऊन परत आल्यावर नेमके असेच घडते, कारण नॅसला उठायला जास्त वेळ लागतो. प्लेअरने स्वतःहून संग्रह शोधला तर मांडणी बरोबर आहे. पहिल्या गाण्याला काही सेकंद उशीर झाला तर तो झोपी गेलेल्या डिस्क फिरू लागण्याचा वेळ समजावा. प्लेअर तेवढा वेळ थांबत नसेल तर नॅसच्या सेटिंगमध्ये डिस्क थांबवण्याची मुदत वाढवावी.