कॅम्परला वीज जोडताय? आधी रीळ पूर्ण उलगडा

कॅम्परला, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीला, वीज द्यायला केबलचं रीळ वापरायचं तर शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडायचं. गाडी कॅम्पसाइटच्या विजेच्या पॉइंटपासून चार पावलांवर उभी असली तरीही.

मी वायरिंगची कामं करतो. कॅम्परवाले जळलेलं सामान घेऊन येतात, त्यात रीळ हटकून असतं. असंच एक उघडलं, तर वरचे वेढे नवेकोरे आणि आतले वितळून एकमेकांना चिकटलेले. सुरीने सोडवायला गेलो, तर सालासकट प्लास्टिक निघालं आणि आतलं तांबं उघडं पडलं. मालक म्हणाले, "पण वायर हाताला गरम लागली नव्हती." कशी लागेल? हात लावला तो बाहेर काढलेल्या तुकड्याला.

हिशोब साधा आहे. दीड स्क्वेअर एमएमची 25 मीटर वायर घ्या. जाणारी-येणारी मिळून 50 मीटर तांबं, म्हणजे साधारण 0.6 ओहम रेझिस्टन्स. त्यातून 10 अँपिअर गेले की वायरीतच 60 वॉट उष्णता तयार होते. वायर गवतावर मोकळी पसरली असेल तर मीटरमागे अडीच वॉटसुद्धा येत नाहीत, कोणाला कळणारही नाही. गुंडाळलेल्या रिळात मात्र तेच 60 वॉट कोंडून बसतात. साधं पीव्हीसी इन्सुलेशन 70 अंशांपर्यंतच धरलेलं असतं. शिवाय करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. 120 व्होल्टच्या देशांत त्याच वॉटला जवळपास दुप्पट करंट लागतो, तिथे तर जास्तच जपा.

चांगल्या रिळावर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेलं असताना किती वॉट आणि उलगडल्यावर किती. पहिला दुसऱ्याच्या निम्माही नसतो बऱ्याचदा. लाल बटणाचा थर्मल कटआउट (रीळ तापलं की वीज तोडणारा) असेल आणि तो पडला, तर बटण दाबून पुन्हा हीटर लावू नका. टॉप (प्लग) काढा, रीळ उलगडा, थंड होऊ द्या.

खरं सांगायचं तर रोजच्या वापराला रीळ नकोच. 230 व्होल्ट, 16 अँपिअरला अडीच स्क्वेअर एमएमची, तीन कोअरची, जाड रबरी आवरणाची 25 मीटरची अखंड केबल घ्या, दोन्ही टोकांना निळे गोल इंडस्ट्रियल टॉप-सॉकेट असलेली. उरलेली केबल गाडीखाली नागमोडी पसरून ठेवा, घट्ट वेटोळं करू नका. एका एक्स्टेन्शनला दुसरं जोडायचं नाही. जोड गवतात पडतो, दव पितो आणि तिथेच कार्बन धरतो.

अर्थिंगवर मात्र तडजोड नाही. गाडी टायरवर उभी, बॉडी पत्र्याची. आत कुठे फेज बॉडीला लागला आणि अर्थची तार तुटलेली असली, तर ओल्या जमिनीवरून दाराची कडी धरणाऱ्याच्या अंगातूनच करंट जमिनीत जातो. म्हणून दोन पिनांची वायर कॅम्परला कधीही नाही. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. त्याचं टेस्ट बटण दर मुक्कामी दाबा, खटकन पडला पाहिजे.

जोडताना गाडीतलं मेन बंद करा, आधी गाडीकडचं टोक लावा, मग पॉइंटचं. काढताना उलट. म्हणजे जिवंत टोक हातात राहत नाही. केबल गाडीत शिरते तिथे खाली थोडी लोंबू द्या, पावसाचं पाणी सॉकेटकडे न जाता तिथून टपकेल. दारा-खिडकीच्या फटीत केबल चेपायची नाही, सतरंजीखालून न्यायची नाही, गाड्यांच्या वाटेत तर नाहीच.

लोडही बघा. 2000 वॉटची किटली 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास खाते. काही कॅम्पसाइटवर पॉइंटच 6 अँपिअरचा असतो, तिथे एकटी किटलीही एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) पाडू शकते. हीटर आणि किटली एकत्र नको.

अर्धा तास लोड चालल्यावर दोन्ही टोकांच्या टॉपांना बाहेरून हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर पॉइंट बंद करा आणि टॉप काढून पिना बघा. एखादी तपकिरी पडली असेल तर तिथे लूज कनेक्शन आहे. टॉप बदला, सॉकेटही तपासून घ्या.

निघताना केबल फडक्यातून ओढत गुंडाळा. पुसली जाते आणि चीर असेल तर बोटांना लागते. चीर सापडली की चिकटपट्टीचे वेढे मारत बसू नका, केबल बाजूला काढा.