व्हीएमची डिस्क वाढवताय? आधी या चुका टाळा

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) उबंटू लिनक्स टाकताना २५ जीबी भरपूर वाटतात, मग डॉकर (ॲप्स तयार इमेजमधून चालवायचं साधन) येतं, दोनचार इमेज उतरतात आणि एक दिवस अपडेट मारायला जावं तर टर्मिनल म्हणतं डिस्कवर जागाच नाही. आपण मशीन बंद करून डिस्क ५० जीबी करतो, परत चालू करून आत बघतो तर अजूनही २५च! इथंच बरेच जण घाबरतात आणि सगळं उडवून नव्याने इन्स्टॉल करतात. अहो थांबा, काही बिघडलेलं नाही, काम अर्धंच झालंय.

बाहेरची डिस्क वेगळी, तिच्यातलं पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) वेगळं आणि पार्टिशनवरची फाईल सिस्टीम (फाईल ठेवायची मांडणी) वेगळी. शेजारचा प्लॉट घेतला म्हणून कंपाउंड आपोआप सरकत नाही आणि कंपाउंड सरकवलं म्हणून घराला खोली वाढत नाही ना, तसंच हे. तिन्ही कामं आपणच करायची, बाहेरून आत अशा क्रमाने.

सगळ्यात जास्त घोळ स्नॅपशॉटमुळे (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती, जिच्यावर मागे जाता येतं) होतो. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क तिथंच गोठते आणि त्यानंतरचं सगळं वेगळ्या फाईलमध्ये लिहिलं जातं, त्यामुळे तुम्ही मूळ डिस्क वाढवली तरी मशीन चालतंय त्या वरच्या फाईलवर आणि तिची साईझ जुनीच राहते. म्हणून आधी स्नॅपशॉट डिलीट करा, पण व्हर्च्युअलबॉक्सच्या आतूनच. डिलीट म्हटलं तरी मशीनची आत्ताची स्थिती जात नाही, दोन्ही फाईल एकत्र होतात, फक्त मागे जायची सोय संपते. याला वेळ लागतो आणि लॅपटॉपवर मोकळी जागाही लागते. जागा करायची म्हणून स्नॅपशॉटच्या फोल्डरमधल्या फाईल विंडोजच्या एक्सप्लोररमधून उडवणं, हे मात्र कृपा करून कधीच करू नका, साखळी तुटते आणि मशीन उठतच नाही.

बॅकअप म्हणजे स्नॅपशॉट नव्हे. मशीन पूर्ण शटडाऊन करा (सेव्ह स्टेट, म्हणजे चालू स्थिती जपून थांबवणं, चालत नाही) आणि अख्खा फोल्डर एक्सटर्नल ड्राइव्हवर कॉपी करा. ड्राइव्ह फॅट३२ (जुनी फाईल सिस्टीम) असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल त्यावर जाणार नाही, हे आधीच बघून ठेवा.

आता लॅपटॉपची जागा. डायनॅमिक डिस्कला (गरजेप्रमाणे फुगणाऱ्या डिस्क फाईलला) १०० जीबी दिले की ते लगेच अडकत नाहीत, ती नुसती कमाल मर्यादा असते, म्हणून २५६ जीबीच्या एसएसडीवर लोक बिनधास्त मोठा आकडा टाकतात. पुढे फाईल फुगत जाते, सी ड्राइव्ह भरतो आणि मशीन मधेच पॉज होतं. तेव्हा घाईत पॉवर ऑफ करू नका, विंडोजमध्ये जागा करा आणि रिझ्यूम करा. आतल्या फाईल डिलीट केल्या म्हणून बाहेरची फाईल आपोआप लहान होत नाही, हेही लक्षात असू द्या.

कमांडने साईझ वाढवत असाल तर आकडा एमबीमध्ये द्यायचा, ५० जीबीसाठी ५१२००. नुसतं ५० लिहिलं तर तुम्ही डिस्क लहान करायला सांगताय असा अर्थ होतो आणि एरर येते. व्हर्च्युअलबॉक्सच्या मीडिया मॅनेजरमध्ये साईझचा स्लायडर आहे, मला तोच बरा वाटतो. डिस्कची फाईल व्हीएमडीके (व्हीएमवेअरचा फॉरमॅट) असेल तर आधी व्हीडीआयमध्ये (व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा फॉरमॅट) क्लोन करून घ्या.

मशीन चालू करून उबंटूच्या आत आल्यावर पहिलं काम, एलएसबीएलके (lsblk) कमांड मारून डिस्क-पार्टिशनची रचना बघा, कुठल्यातरी व्हिडिओतली कमांड जशीच्या तशी चिकटवू नका. साधं पार्टिशन असेल तर ते वाढवायला ग्रोपार्ट (growpart), आणि तिथं डिस्कचं नाव नि पार्टिशनचा नंबर यांच्यात स्पेस हवी, ती बरेच जण विसरतात. डिस्क काठोकाठ भरली असेल तर ग्रोपार्टला टेम्पररी फाईल बनवायलाही जागा मिळत नाही, मग आधी एपीटी क्लीन (apt clean, उतरवलेल्या पॅकेज फाईल पुसणारी कमांड) करून थोडी मोकळी करा. त्यानंतर फाईल सिस्टीम वाढवा: ईएक्सटी४ (ext4) असेल तर रिसाईझ२एफएस (resize2fs), एक्सएफएस (XFS) असेल तर एक्सएफएस ग्रोएफएस (xfs_growfs). उबंटू सर्व्हरवर बहुतेकदा एलव्हीएम (पार्टिशनवरची जागा लवचिकपणे वाटून देणारी व्यवस्था) असतं, तिथं ग्रोपार्टनंतर पीव्हीरिसाईझ (pvresize) आणि मग एलव्हीएक्सटेंड (lvextend), त्याला आर फ्लॅग (-r) दिला की फाईल सिस्टीमही सोबत वाढते.

जुन्या इन्स्टॉलमध्ये मुख्य पार्टिशनच्या पुढे स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बसलेला असतो आणि रिकामी जागा त्याच्या पलीकडे, मग कितीही कमांड मारा, काही वाढत नाही. जीपार्टेड (पार्टिशन हलवायचं साधन) याच्या लाइव्ह आयएसओवरून (इन्स्टॉल न करता चालणारी डिस्क इमेज) बूट करून स्वॅप हलवा, किंवा काढून नवा बनवा. नवा बनवलात तर एफएसटॅबमधला (/etc/fstab, बूट होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्याची यादी) यूयूआयडीही (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदला. आत विंडोज असेल तर हाच अडथळा रिकव्हरी पार्टिशनचा असतो, म्हणून एक्सटेंड व्हॉल्यूमचा ऑप्शन फिका दिसतो.

शेवटी डीएफ (df) कमांडने साईझ बघा, मशीन एकदा रीस्टार्ट करून परत बघा, दोनतीन दिवस नेहमीचं काम त्यावर करा आणि मगच तो बॅकअप डिलीट करा.