नवरा-बायकोच्या भांडणात पंच होऊ नका: समुपदेशकांनो, या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नवरा-बायकोचं भांडण उंबऱ्याबाहेर गेलं की आधी पंच बसतात. मुलीचा मामा, भावकीतले दोघं, गल्लीतला एखादा जाणता. दोघांचं ऐकायचं, चूक कुणाची ते ठरवायचं, समज द्यायची आणि चहा घेऊन उठायचं. आमच्याकडे जोडप्यांचं समुपदेशन शिकायला येणारी मुलं-मुली हेच बघत मोठी झालेली असतात. मानसशास्त्राची नाहीतर समाजकार्याची पदवी हातात असते, पण समोर जोडपं येऊन बसलं की आतला पंच जागा होतो. शिकवताना मी एक वही ठेवते. तिच्यात टिपलेल्या बहुतेक चुकांचं मूळ हेच निघतं.

दोघं तुमच्याशीच बोलतात

हे ओळखायला सोपं आहे. दोघांचे गुडघे तुमच्याकडे वळलेले असतात. नवरा म्हणतो, "हिलाच विचारा की." बायको म्हणते, "तुम्हीच सांगा आता, माझं काय चुकलं?" शिकाऊ समुपदेशकाला वाटतं, विश्वास बसला. बसलेला असतो, पण पंचावर. तासभर दोघं साक्षी देतात, घरी गेल्यावर पुन्हा तेच.

आपली खुर्ची हातभर मागे घ्या. त्यांच्या खुर्च्या एकमेकांकडे तिरक्या वळवा, अगदी समोरासमोर नकोत. कुणी तुम्हाला काही सांगितलं की म्हणा, "हे त्यांच्याकडे बघून सांगा." पहिल्यांदा दोघं लाजतात, हसतात, गप्प बसतात. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात भावनाकेंद्री उपचारपद्धती उभी केली, तिच्यात दोघांना एकमेकांशी बोलतं करणं हे मुख्य काम आहे. ते नुसत्या वाचनाने जमत नाही. आमच्या सरावात पहिली वीस मिनिटं सल्ला द्यायचा नाही, कोण बरोबर ते सांगायचं नाही आणि वाक्याची सुरुवात 'पण'ने करायची नाही, असा नियम आहे. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं आणि मग आपले 'पण' आपणच मोजायचे.

'मला वाटतं' म्हणजे भावना, हा गैरसमज

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा फौजेत, सुट्टीवर खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावी आलेला. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि आसपासच्या कितीतरी गावांत घरटी एखादा जवान असतो, त्यामुळे अशी जोडपी आमच्याकडे पुष्कळ येतात. वर्षाचे बहुतेक महिने बायको एकटी घर ओढते. भाताची कापणी, सासऱ्यांची औषधं, पोरांची फी. हा आला की तिसऱ्या दिवशी हिशेबाची वही उघडतो, तेही आईसमोर.

ती म्हणाली, "मला वाटतं की ह्यांचा माझ्यावर इश्वासच नाही."

शिकाऊ समुपदेशक खूश. "छान, भावना सांगितलीत."

नवऱ्याने हात झटकले. "घ्या! मी काय चोर म्हटलं काय हिला?"

त्याचं खरं होतं. ती भावना नव्हती, आरोप होता. परदेशी पुस्तकांतून आपण 'स्वतःबद्दल बोला' हे तंत्र उचलतो, पण मराठीत 'वाटणं' मत सांगायलाही चालतं आणि मनातलं सांगायलाही. म्हणून मी एक साधी कसोटी शिकवते. 'वाटतं'च्या मागोमाग 'की' आला तर ते मत आहे. 'की' नसताना येतं ते बहुधा मनातलं: भीती वाटते, लाज वाटते, एकटं वाटतं. एवढं करून अडलंच तर शरीराला विचारा. आपल्या बायाबापड्यांकडे त्यासाठी शब्दांची खाण आहे. काळजात धस्स होतं, जीव वर-खाली होतो, घशाशी आवंढा येतो.

मी शेजारीच बसले होते. विचारलं, "आईसमोर वही उघडली तेव्हा पोटात काय झालं?"

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "गोळा आला. शेजारणीकडं उसनं मागाय गेले तवा पण एवढी शरम वाटली नव्हती."

त्याने मान वर केली. "उसनं घेतलीस? मला कधी बोलली नाहीस."

त्या तासाभरात तो तिच्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. आणि नेमकं तेव्हाच आमच्या शिकाऊ मुलाने कागद पुढे ओढून महिन्याच्या खर्चाचा तक्ता आखायला घेतला! मी त्याचा हात धरला. हिशेब आज लागला तरी पुढच्या सुट्टीत भावाला दिलेल्या पैशांवरून जुंपेलच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांना आपल्या अभ्यासात असं दिसलं की जोडप्यांच्या वादाच्या विषयांपैकी ६९ टक्के विषय कायमचे सुटतच नाहीत. ते विषय घेऊनच संसार चालतो. तेव्हा तक्ता आखून देणं आपलं काम नाही. तो विषय पुन्हा निघेल तेव्हा दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं, हे तिथे बसून त्यांच्याकडून करवून घ्यायचं.

गप्प बसलेला माणूस शांत आहे, असं धरून चालणं

संसार पोखरणाऱ्या चार सवयी गॉटमन सांगतात. आपल्या भाषेत त्या अशा: माणसालाच नावं ठेवणं, हिणवणं, स्वतःच्या अंगाला काही लावून न घेणं आणि अबोला. यातलं हिणवणं सगळ्यांत घातक. टोमण्यांचं भांडार आपल्याकडे इतकं मोठं आहे की शिकाऊ मंडळींच्या ते कानावरून जातं, कधी कधी तर तीही हसतात. "तुझ्या माहेरी काय सोन्याची कौलं हाईत" यावर समुपदेशक हसला तर बायकोच्या लेखी तो गेला.

अबोल्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं. घरात हा अबोला आठ-आठ दिवस चालतो आणि निरोप पोरांमार्फत जातात: "बाबांना सांग, ताट वाढलंय." सत्रात तोच नवरा हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत बसतो. शिकाऊ म्हणतो, यांना काही पडलेलीच नाही. मी म्हणते, परवानगी घ्या आणि त्यांना स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला सांगा. बाहेरून दगड झालेल्या माणसाची नाडी पुष्कळदा धावत असते. ती मिनिटाला शंभरावर गेली की ऐकणं, समजून घेणं जवळपास बंद होतं. तेव्हा कुठलंही तंत्र लावू नका. निदान वीस मिनिटांची विश्रांती द्या, दोघांना वेगळं बसवा आणि त्या वेळात भांडण मनात घोळवायचं नाही असं बजावा. परत कधी बसायचं ती वेळ आधीच ठरवा. नाहीतर बायकोला ती विश्रांतीही अबोलाच वाटते.

'भाऊ' आणि 'वहिनी'

आपुलकीने केलेली ही चूक आहे, म्हणून लवकर ध्यानात येत नाही. नवऱ्याला 'भाऊ' आणि बायकोला 'वहिनी' म्हटलं की तुम्ही मुलाकडचे झालात. 'ताई' आणि 'दाजी' म्हटलं की मुलीकडचे. तुम्ही तोंड उघडायच्या आत निकाल लागलेला असतो. पहिल्याच भेटीत दोघांना विचारा, "तुम्हाला काय म्हणू?" नावापुढे ताई आणि दादा लावलं तर दोघंही तुमच्यापासून सारख्याच अंतरावर राहतात. ती त्यांना 'अहो' म्हणते आणि तो तिला 'अगं', यात मात्र हात घालू नका. त्यांची ती सवय मोडणं तुमच्याकडे सोपवलेलं नाही.

भाषेचंही तसंच. काही सुनांचं माहेर गोकाक, बैलहोंगलकडचं, कन्नड बोलणारं. सासरी त्या मराठीत वागतात, पण रडू फुटलं की तोंडून "साकायितु" येतं. म्हणजे आता पुरे झालं, थकले. समुपदेशकाने लगेच "म्हणजे तुम्ही दमलात" असं त्याचं शुद्ध मराठी केलं की त्यातला जीव जातो. नवऱ्याला कन्नड कळतं ना? मग त्यालाच तो शब्द तसाच म्हणून दाखवायला सांगा. आणि संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत ठेवा. मराठी शाळेत शिकलेल्या बाईची कन्नड कागदावर सही घेणं म्हणजे संमती नव्हे.

मारहाण असताना दोघांना एकत्र बसवणं

इथे चुकीला माफी नाही. नवऱ्यासमोर "हे मारतात काय हो?" असं विचारलं तर ती नाहीच म्हणणार. खरं बोलली तर रात्री घरी काय होईल ते तिला ठाऊक असतं. म्हणून पहिल्या भेटीत प्रत्येकाला काही वेळ एकटं भेटायचंच, हा सगळ्यांना सारखा नियम ठेवा, म्हणजे संशयही येत नाही. तिथे कळलेल्या गोष्टींचं काय करणार, हेही आधीच सांगून ठेवा. मारहाण, धमक्या, पैसे आणि फोन ताब्यात ठेवणं यांतलं काही निघालं तर संवादाचे धडे थांबवा. आधी तिची सुरक्षितता. महिला मदतवाणी १८१, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, हिंसा सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं जिल्ह्यातलं सखी केंद्र यांचे नंबर तिला पाठ करायला लावा, चिठ्ठीवर देऊ नका. चिठ्ठी सापडते.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी दोघांना एकेकटं किंवा एकत्र समुपदेशनाला पाठवू शकतात. पण २००६च्या नियमांत हेही आहे की हिंसेचं समर्थन समुपदेशनात करू द्यायचं नाही, आणि हे ज्याच्यावर आरोप आहे त्याला समुपदेशन सुरू करण्याआधीच सांगायचं. "तिने उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला" हे वाक्य 'दोन्ही बाजू' म्हणून ऐकून घेणारा समुपदेशक नियम मोडतो आणि त्या बाईलाही एकटं पाडतो.

शिकवणाऱ्यांच्या चुका

दोन दिवसांची कार्यशाळा, पडद्यावर ऐंशी चित्रं, शेवटी प्रमाणपत्र. यातून कुणी तयार होत नाही. सात मिनिटांचा सराव, तीन मिनिटांची चर्चा, पुन्हा तेच सात मिनिटं, यातून होतो. पुढचे सहा महिने महिन्यातून दोनदा तरी त्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सत्रांवर बसावं लागतं, जोडप्याची लेखी परवानगी घेऊन. आमची आणखी एक चूक म्हणजे सरावातलं जोडपं फार गुणी असायचं. दहाव्या मिनिटाला समेट! आता मी नवऱ्याची भूमिका करणाऱ्याला कानात सांगते, काही झालं तरी विरघळायचं नाही.

आणि भूमिका उतरवायला विसरू नका. सराव संपला की उठायचं, जागा बदलायची, आपलं नाव आणि गाव मोठ्याने सांगायचं, तोंडावर पाणी मारायचं. एकदा निपाणीकडच्या एका मुलीने विडी वळणाऱ्या बाईची भूमिका केली. संपल्यावर सगळे चहाला गेले, ती खुर्चीतच. मांडीवर सूप धरल्यासारखे हात तसेच. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मी आईचंच बोलत होते." त्या दुपारचे पुढचे दोन सराव मी रद्द केले.