पोट भरलेलं, पाठ उपाशी

माझी मेंढी कानतुटी मेली तेव्हा तिचं पोट टम्म होतं. व्यायला पंधरा-वीस दिवस राहिलेले, पोटात जुळं, आणि उन्हाळा ऐन भरात. वाळलेलं गवत ढीगभर समोर पडलेलं असायचं, ती दिवसभर तोंड हलवत असायची, आणि तिचं ते डेऱ्यासारखं पोट बघून मी निर्धास्त होते. एक दिवस ती कळपामागे रेंगाळली. दुसऱ्या दिवशी भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी बसली ती उठलीच नाही. तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येत होता. डॉक्टर आले, त्यांनी पोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा हात धरून तिच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे ठेवला. लोकरीखाली कणा फणीच्या दातांसारखा लागला. "ही महिनाभर उपाशी आहे," ते म्हणाले.

त्यानंतर माझी मेंढ्या बघायची रीतच बदलली. उष्ण प्रदेशात मेंढ्या पाळायच्या तर आधी हे डोक्यात बसवून घ्या: इथलं गवत पोट भरतं, पण जनावर पोसत नाही. त्यात ऊन भूक मारतं. या दोन अडचणींमधून वाट काढणं म्हणजेच मेंढीचा आहार.

गवताचं गणित

उष्ण प्रदेशातलं गवत पावसात झरझर वाढतं आणि तितक्याच झरझर जून होतं. फुलोरा आला की काड्या लाकडासारख्या होतात. कोवळ्या गवतात प्रथिनं १० ते १२ टक्के किंवा त्याहून जास्त असतात. तेच गवत उभ्या उभ्या वाळलं की ती ३ ते ५ टक्क्यांवर येतात. आता मेंढीच्या कोठीपोटात जे कोट्यवधी सूक्ष्मजीव गवत आंबवून पचवतात, त्यांनाही खायला लागतं. चाऱ्यातली प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की त्यांची उपासमार होते, पचन मंदावतं, गवत पोटात पडून राहतं आणि जागाच नसल्यामुळे मेंढी पुढचा घास घेत नाही. कानतुटीचं पोट त्या न पचलेल्या गवतानं भरलं होतं. उरलेली जागा दोन कोकरांनी व्यापली होती.

मोजायचं कसं? चारा ओला असो की सुका, त्यातलं पाणी वजा करून जे उरतं ते धरायचं, म्हणजे शुष्क भाग. मेंढी वजनाच्या साधारण ३ टक्के शुष्क भाग खाते. दूध पाजणारी ४ टक्क्यांपर्यंत जाते. ३० किलोच्या मेंढीला म्हणजे ९०० ग्रॅम. सुक्या गवतात पाणी दहा टक्केच असतं, तेव्हा किलोभर गवतात काम भागतं. पण पावसाळ्यातल्या लुसलुशीत गवतात ८० ते ८५ टक्के पाणी. तेच ९०० ग्रॅम मिळवायला तिला साडेचार ते सहा किलो हिरवं गवत खावं लागतं. पावसाच्या सुरुवातीला मेंढ्या हिरव्यागार कुरणात असूनही अंगानं का उतरतात, ते यात आहे. पाणीच खातात बिचाऱ्या. त्या दिवसांत कुरणात सोडण्याआधी मूठ-दोन मूठ सुकी वैरण टाकावी. हगवणही आटोक्यात राहते.

उन्हाळ्यासाठी दुसरं गणित. ६०० ग्रॅम सुकं गवत, ४ टक्के प्रथिनांचं: मिळाले २४ ग्रॅम. त्यावर सुबाभूळ, शेवरी, हादगा असा झाडपाला, ओला धरून किलो-सव्वा किलो. त्यात शुष्क भाग ३०० ग्रॅम आणि प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास: मिळाले ६० ग्रॅम. एकूण ८४ ग्रॅम, म्हणजे ९ टक्क्यांच्या वर. रिकाम्या, म्हणजे गाभण नसलेल्या, मेंढीचं शरीर राखायला एवढं पुरतं. पेंडीचं पोतं नसताना मी दोन उन्हाळे याच हिशेबावर काढले आहेत.

सुबाभळीचं मात्र जपून. तिच्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. ते फार गेलं तर लोकर गळते, गळ्याशी गाठ येते, भूक जाते. एकूण आहाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ती ठेवावी. ज्वारीचं कोवळं किंवा कापल्यावर फुटलेलं पीक, विशेषतः पाण्याचा ताण पडलेलं, त्यात मेंढ्या घुसू देऊ नका. त्यातल्या विषानं जनावर अर्ध्या तासात आडवं होतं.

झाडपाला नसेल तर सुकी वैरण युरियानं मुरवता येते. १०० किलो वैरण, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवायचा, वैरणीचा थर, त्यावर झारीनं शिंपण, पुन्हा थर, आणि पायानं दाबत दाबत ढीग रचायचा. मग प्लास्टिकच्या कागदानं असा गुंडाळायचा की वास बाहेर येता कामा नये. तीन आठवडे हात लावायचा नाही. उघडताना डोळ्यांत पाणी आणणारा वास आला आणि वैरण पिवळसर-तपकिरी, मऊ झाली असेल तर जमलं. वास आलाच नाही तर कुठेतरी कागद फाटलाय. काढलेली वैरण काही तास हवेवर पसरून मगच गव्हाणीत. आणि युरियाचं पाणी बादलीत उघडं ठेवून घोटभर चहालासुद्धा जाऊ नका. तहानलेली मेंढी तेच पिते आणि डॉक्टर पोहोचायच्या आत संपते. ज्या कोकरांचं रवंथ अजून नीट सुरू झालेलं नाही त्यांना ही वैरण मुळीच नाही.

कधी घालायचं

काय घालायचं यावर सगळे बोलतात, कधी घालायचं यावर कुणी बोलत नाही. चारा कोठीपोटात आंबतो तेव्हा उष्णता तयार होते, आणि काडीकाडीच्या जाड चाऱ्यातून ती जास्त होते. सकाळी दहाला गव्हाण भरली तर ही आतली भट्टी भर दुपारी पेटते, बाहेरचं ऊन वेगळंच. मग मेंढी खाणं सोडून धापा टाकत सावलीत उभी.

म्हणून उन्हाळ्यात पहाटे फटफटतंय तोवर पहिला चारा, आणि मोठं जेवण संध्याकाळी सूर्य कलल्यावर. रात्री राखण करता येत असेल तर रात्रीचं चरणं सगळ्यांत उत्तम. दुपारी फक्त सावली आणि पाणी. ऊन किती बाधतंय हे समजायला थर्मामीटर लागत नाही. सावलीत उभ्या मेंढीची कूस बघा, पंधरा सेकंदांत किती वेळा हलते ते मोजा आणि चारनं गुणा. निवांत मेंढी मिनिटाला २० ते ३० श्वास घेते. ६० च्या वर गेली तर ऊन लागतंय, ८० च्या वर गेली तर चांगलंच लागतंय. तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून धापा सुरू झाल्या तर त्या दिवशी तिला चाऱ्याचं नाव काढू नका, आधी गार करा.

पावसाळ्यात हीच पहाटेची सवय अंगाशी येते. ओल्या गवतावर जंतांच्या अळ्या पात्यावर चढून बसलेल्या असतात. तेव्हा दव वाळल्याशिवाय कळप सोडायचा नाही, आणि बोटभर उंचीपर्यंत खुरटलेल्या कुरणात तर नाहीच, कारण अळ्या बुंध्याशीच जास्त असतात. रक्त पिणारा जंत हा उष्ण आणि दमट हवेतला मेंढीचा सगळ्यांत मोठा वाटेकरी. खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालसर-गुलाबी असेल तर ठीक, कागदासारखा पांढरा असेल तर औषध आजच. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबली तर उशीरच झालाय. प्रथिनं पोटात गेलेली मेंढी जंतांशी जास्त नेटानं झुंजते, तेव्हा औषधासोबत पेंडही वाढवा.

पाण्याबद्दल थोडक्यात. थंडीत ३० किलोच्या मेंढीला दोन-तीन लिटर पुरतं, कडक उन्हात त्याच्या दुप्पट, आणि दूध पाजणारीला त्याहून वर. टाकी सावलीत हवी. उन्हात तापलेलं पाणी ती ओठ लावून सोडते, आणि पाणी सुटलं की चाराही सुटतो.

खुराक कुणाला, किती

सगळ्या कळपाला सारखाच खुराक घालणं म्हणजे रिकाम्यांना माजवणं आणि गाभण्यांना मारणं. माझं मिश्रण असं: भरडलेला मका ५० किलो, पेंड ३० किलो, कोंडा १७ किलो, खनिज मिश्रण २ किलो, मीठ १ किलो. त्यात प्रथिनं १८ टक्क्यांच्या आसपास बसतात. मका भरडायचा, पीठ करायचं नाही. पीठ पोटात भराभर आंबतं आणि कोठीपोटात आम्ल वाढतं. पेंडीला किंवा मक्याला बुरशीचा वास येत असेल तर फेकून द्या, "थोडीशीच लागलीय" म्हणून मिसळू नका. शेंगदाणा पेंडीच्या बाबतीत तर मी नाक लावल्याशिवाय पोतं उघडून घेत नाही.

नर सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मेंढ्यांना रोज २०० ते २५० ग्रॅम. उतरलेल्या मेंढ्यांत याचा परिणाम लगेच दिसतो, जुळ्यांचं प्रमाण वाढतं. मग तीन महिने चांगल्या चाऱ्यावर भागतं. गाभणपण पाच महिन्यांचं, पण कोकराची जवळजवळ ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. कानतुटीला मी नेमकी तिथेच सोडली. पोटातली कोकरं मागतात, चाऱ्यातून मिळत नाही, मग शरीर स्वतःची चरबी जाळतं, आणि ती एकदम जळाली की त्याचं विष होतं. तो गोड वास त्याचाच. तेव्हा शेवटचे सहा आठवडे २०० ग्रॅमपासून चढवत ३०० पर्यंत, दोन वेळा विभागून, आणि पोट मोठं दिसणाऱ्यांना वेगळं बांधून थोडं जास्त. व्याल्यावर एकाच्या आईला ३०० ते ४००, जुळ्याच्या आईला त्याहून अधिक, पहिले दोन महिने.

कोकराला जन्मल्यावर एक-दोन तासांत पहिला चीक मिळालाच पाहिजे, वजनाच्या किलोमागे निदान ५० मिली, आणि दिवसभरात पुन्हा पुन्हा. दोन-तीन आठवड्यांनी कोपऱ्यात मोठ्यांना शिरता येणार नाही असा आडोसा करून तिथे मूठभर खुराक आणि कोवळा पाला ठेवा. आधी ती त्यात नुसती उड्या मारतात. मारू द्या.

कोणताही बदल दहा दिवसांत हळूहळू. एकदम धान्य मिळालं की सगळ्यांत गलेलठ्ठ, सगळ्यांत गुणी कोकरू रात्रीतून मरतं. आंत्रविषार म्हणतात तो हा. लस असते, ती पावसाळ्याआधी टोचून घ्याच, पण लस आहे म्हणून हात सैल सोडू नका.

नर आणि खच्ची केलेल्या नरांना धान्य जास्त झालं तर मुतखडा होतो, कारण धान्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडं. कॅल्शियम दुप्पट असं प्रमाण राखायचं. खुराकात चुन्याच्या दगडाची भुकटी एक टक्का घातली की बहुतेक वेळा निभतं.

गाईचं मिश्रण मेंढीला नको

ही चूक माझी आहे आणि मला अजून टोचते. गोठ्यात गाईचं खनिज मिश्रण उरलं होतं, वाया का घालवायचं म्हणून काही महिने मेंढ्यांच्या खुराकात कालवलं. मेंढ्या छान दिसत होत्या. मग एका लांबच्या चालीनंतर दोन मेंढ्या मलूल झाल्या, डोळ्यांचं पांढरं पिवळं पडलं, लघवी काळसर लाल. तांबं. गाईला लागतं तेवढं तांबं मेंढीला विष आहे. ते यकृतात गुपचूप साठत राहतं आणि काही ताण पडला की एकाच दिवशी रक्तात उतरतं. तेव्हापासून पिशवीवर 'मेंढीसाठी' लिहिलेलं असल्याशिवाय मी घेत नाही. कोंबडीखाद्यालाही हाच नियम.

मीठ मात्र सढळ, चाटायला कायम समोर. युरिया वापरत असाल तर गंधकही बघा, लोकर गंधकाशिवाय वाढत नाही. आणि तीन-चार महिने हिरवं पानच मिळालं नसेल, तर संध्याकाळी मेंढ्या दाराला धडकतात का ते बघा. अ जीवनसत्त्व संपलं की आधी अंधारात दिसेनासं होतं. रोज ओंजळभर हिरवा पाला त्यावर पुरतो.

आता पाठ कशी चाचपायची ते. दर पंधरा दिवसांनी, मेंढी चारी पायांवर उभी असताना, शेवटच्या बरगडीच्या मागे अंगठा कण्यावर आणि बोटं बाजूच्या आडव्या हाडांवर. आधी दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं; हाड लागलं नाही तरच जोर द्यायचा. मग १ ते ५ मधला गुण द्यायचा. कण्याची टोकं टोचली आणि बोटं आडव्या हाडांखाली सहज शिरली, तर १. टोकं गोलसर लागली आणि जोर दिल्यावरच हाड कळलं, तर ३. हाड शोधूनही सापडेना, तर ५. नर सोडताना अडीच ते तीन, व्यायच्या वेळी तीन ते साडेतीन. माझ्याकडे दोनच्या खाली गेलेल्या मेंढीच्या शिंगाला किंवा कानाजवळ रंगाचा ठिपका लावतात आणि तिला संध्याकाळी वेगळ्या गव्हाणीवर बांधतात. गेल्या पंधरवड्यात चार ठिपके होते, त्यातली एक कानतुटीची नात. पोट तिचंही डेऱ्यासारखंच आहे.